चिठ्ठीवरचा शब्द

गेल्या भाऊबिजेची दुपार. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भगिनी, वाईहून अण्णांना ओवाळायला साताऱ्यास आल्या होत्या. पुण्याहून दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले आली होती. जेवणे आटोपली, बासुंदी अंमळ जास्तच झाली आणि सगळी मंडळी बैठकीत सैलावली. तेवढ्यात सोळा वर्षांच्या पुतण्याने मोबाइल पुढे केला. "काकू, एक भारी गेम आहे. सगळ्यांनी खेळायचा."

खेळ असा की मोबाइल हातोहात फिरतो आणि प्रत्येकाला पडद्यावर गुपचूप एक शब्द दाखवतो. सगळ्यांचा शब्द एकच असतो. फक्त एकाला त्याच्या जवळपासचा पण निराळा शब्द मिळालेला असतो. आपणच तो निराळा, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मग पाळीपाळीने प्रत्येकाने आपल्या शब्दाची एकेका शब्दात खूण द्यायची. खूण फार ढोबळ दिली तर आपल्यावर संशय येतो. फार नेमकी दिली तर त्या निराळ्या माणसाला इतरांचा शब्द कळतो आणि तो बेमालूम त्यांच्यात मिसळून जातो. तीन फेऱ्या झाल्या की मते घ्यायची. पकडला गेलेल्याला एक शेवटची संधी असते : इतरांचा शब्द त्याने अचूक सांगितला तर बाजी त्याची. मोबाइलवर या खेळाला काहीतरी इंग्रजी नाव होते. ‘तोतया’ हे त्याचे बारसे अण्णांनी केले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उभा राहिला होता, त्याची गोष्ट त्यांनी नातवंडांना आधी सांगून घेतली आणि मगच मोबाइल हातात धरला.

माणसांत दडलेला माणूस हुडकण्याचे असे खेळ आता जगभर खेळले जातात. त्यांचा एक पूर्वज ‘माफिया’ या नावाचा. मॉस्कोत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव याने तो १९८६ च्या सुमारास रचला. त्या खेळात सारा भर चेहऱ्यांवर असतो. आमच्या या खेळात मात्र सारे मर्म शब्दांच्या जोडीत होते, आणि तिथेच पहिल्या डावात गाडे अडले. पहिली जोडी पिझ्झा आणि बर्गर यांची निघाली. दुसरी कुठल्याशा दोन मोबाइल कंपन्यांची. अण्णांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा वर-खाली केला आणि "तुम्ही खेळा, मी जरा पेपर बघतो" म्हणून ते उठू लागले. आत्याबाई गोड हसून म्हणाल्या, "खेळा रे बाळांनो, मी बघते."

ब्याऐंशी वर्षांचे भाऊ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बहीण. सणाच्या दिवशी दोघेही घराच्या कडेला. मी मोबाइल बाजूला ठेवायला लावला. वहीची पाने फाडून चिठ्ठ्या केल्या आणि शब्द मी काढते असे जाहीर केले. सत्तावीस वर्षे दवाखान्यात वृद्ध रुग्णांशी बोलते आहे, तेव्हा एवढे सहज जमेल असा माझा समज होता.

तो फोल ठरला. माझी पहिली जोडी होती गोधडी आणि वाकळ. जाऊबाईंना वाकळ ठाऊक नव्हती आणि अण्णांच्या लेखी दोन्ही एकच. त्यामुळे तोतया कोणीच नव्हता, किंवा सगळेच होते. यजमान प्राध्यापक असल्यामुळे त्यांनी ‘आनंद’ आणि ‘समाधान’ सुचवले. अशा शब्दांना हात लावायला जागा नसते. त्यांना वास नाही, चव नाही, ठिकाण नाही. त्यांच्याविषयी एका शब्दात काय सांगणार? पुतण्याने मिस्कीलपणे ‘सासू’ आणि ‘नणंद’ पुढे केले. ती चिठ्ठी जाऊबाईंनी वाचताक्षणी फाडली. कोणीतरी सिनेनटांची नावे काढली, ती मी नाकारली. वयाबरोबर जिभेवर अडकून बसणाऱ्या शब्दांत विशेषनामे पहिली असतात. चेहरा दिसतो, सिनेमा आठवतो, गाणे ओठांवर येते आणि नाव तेवढे येत नाही. हे तरुणांचेही होते. वयस्कांचे अधिक होते. एरवी म्हातारपणी शब्दांचा साठा फारसा आटत नाही. साठ्यातून शब्द वर यायला वेळ लागतो, इतकेच. म्हणून खेळातले वाळूचे घड्याळही मी काढून टाकले.

हळूहळू हात बसला. वरण आणि आमटी. पुरणपोळी आणि गुळपोळी. चूल आणि शेगडी. दोन्ही शब्द बैठकीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसाला सारखेच ओळखीचे हवेत, दोहोंत पुष्कळ काही समान हवे आणि नेमका एखादाच फरक असा हवा की ज्याभोवती फिरता येईल. माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी विशेष ठसठशीत राहतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी शब्द त्या वयातले घ्यावेत. सर्वांत रंगली ती ‘दवाखाना’ आणि ‘देऊळ’ ही जोडी. ‘चपला’, ‘रांग’, ‘श्रद्धा’ अशा खुणा येत गेल्या. दिरांनी ‘दक्षिणा’ म्हटले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

एक चूक मात्र मला अजून टोचते. ‘कुंकू’ आणि ‘शेंदूर’ ही जोडी मला फार सुरेख वाटली होती. दोन्ही लाल, दोन्ही देवापुढचे, दोन्ही चिमटीने घ्यायचे. आत्याबाईंच्या हातात चिठ्ठी गेली तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांचे यजमान जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नाहीत. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, पदराखाली ठेवली. पहिल्या फेरीत "लाल" म्हणाल्या. पुढच्या दोन फेऱ्यांत काहीच बोलल्या नाहीत. कोणी आग्रह केला नाही. मी मनातल्या मनात स्वतःला पुष्कळ बोलून घेतले.

यानंतर आली ‘पोस्टमन’ आणि ‘कंडक्टर’ ही जोडी. ती मी मुद्दाम अण्णांसाठी काढली होती. अण्णा एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झाले. या डावात तरी ते सगळ्यांना धूळ चारतील अशी माझी खात्री होती. त्यांच्या डाव्या हाताला अकरा वर्षांची पुतणी बसली होती, उजवीकडे दीर. पुतणी म्हणाली, "पिशवी." अण्णांची पाळी आली. त्यांनी थोडा विचार केला आणि ठामपणे सांगितले, "पिशवी."

सगळे हसले. दुसऱ्या फेरीत जाऊबाई "खाकी" म्हणाल्या. दोन माणसे सोडून अण्णाही "खाकी" म्हणाले. "आजोबा, आत्ताच झालं की हे!" पुतण्या ओरडला. अण्णाही हसले. त्या हसण्याचा मला परिचय होता. गेले वर्षभर ते असेच हसत होते.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला कळला, कारण घरात हा विषय दबक्या आवाजात वर्षभर चालला होता. अण्णांना हल्ली आठवत नाही. भाजी सांगावी एक, आणतात दुसरी. सात वाजता निघायचे म्हणून सांगावे, तर ते साडेसातला कपडे शोधतात आणि वर "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणतात. मी डॉक्टर असल्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे पाहत आणि मी पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्याचा विषय दर महिन्याला पुढे ढकलत होते. मनात निदान करून मोकळी झाले होते. कागदावर एकही तपासणी केली नव्हती. दवाखान्यात एखाद्या रुग्णाच्या बाबतीत मी असे कधीच केले नसते.

खूण पुन्हा द्यायची नाही असा नियम असल्यामुळे मी खेळता खेळता प्रत्येकाच्या खुणा एका कागदावर लिहून घेत होते. रात्री सगळे निजल्यावर तो कागद सहज हाती आला. अण्णांच्या रकान्यात पाच खुणा पुनरुक्त होत्या, आणि त्या पाचही एक तर पुतणीच्या, जाऊबाईंच्या किंवा माझ्या होत्या. दिरांची, यजमानांची किंवा नुकताच आवाज फुटलेल्या पुतण्याची खूण त्यांनी एकदाही पुन्हा दिली नव्हती. शिवाय मते घेताना याच अण्णांनी दिरांना पकडले होते, तेही "तू पहिल्या फेरीत ‘सायकल’ म्हणालास आणि तिसऱ्या फेरीत ‘पगार’, म्हणजे तू गोल गोल फिरतोयस" असे शब्दशः सांगून. स्मरणशक्ती गेलेला माणूस असे सांगत नाही. स्मरणशक्ती काही बायकांचे आणि मुलांचे आवाज निवडून विसरत नाही.

वयाबरोबर येणारा बहिरेपणा एकदम सगळे आवाज बंद करत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर भारदस्त असतात, ते ऐकू येतात. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने बारीक आणि उंच पट्टीची असतात, ती निसटतात. ‘साखर’ आणि ‘भाकर’ यांतला फरक व्यंजनांतच असतो. त्यामुळे अशा माणसाला आपण बोलतो आहोत हे कळते; काय बोलतो आहोत ते कळत नाही. त्याची तक्रारही "ऐकू येत नाही" अशी नसते. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात" अशी असते. अण्णा हे वाक्य किती वेळा म्हणाले होते! मग माणूस अंदाजाने उत्तरे देऊ लागतो. मान डोलावतो, इतर हसले की हसतो. आम्ही दुपारी दोन तास गंमत म्हणून जे करत होतो, ते अण्णा वर्षभर दिवसरात्र करत होते.

सकाळी मी त्यांच्या कानात दुर्बीण घालून पाहिले. डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो थेंब घालून मऊ केला आणि काढला. तेवढ्याने थोडे सुधारले, पुरे नाही. पुढच्या आठवड्यात श्रवणचाचणी केली. आलेखाची रेष दोन्ही कानांत डावीकडून उजवीकडे घसरत गेलेली होती; म्हणजे खालच्या पट्टीत ठीक, वरच्या पट्टीत बरीच हानी. मी तो कागद त्यांना समजावून सांगत होते, तेव्हा अण्णांनी मला मध्येच थांबवले.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"हो अण्णा."

"नक्की?"

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. घरातली कुजबुज त्यांना ऐकू येत नव्हती, पण दिसत होती. आपली बुद्धी जात चालली आहे अशी भीती त्यांनी वर्षभर एकट्याने बाळगली होती, आणि सून डॉक्टर असून एका शब्दाने विचारले नव्हते. श्रवणयंत्र आले आहे. ते कानात कमी आणि सदऱ्याच्या खिशात जास्त असते, पण ती भांडणे आता मोठ्या आवाजात होतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऐकण्यातला अडथळा ही नुसती गैरसोय नाही. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे पण टाळता किंवा सुधारता येण्याजोगे चौदा घटक दिले आहेत. त्यांत बहिरेपणा आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. एकातून दुसरे येते. तेव्हा घरातले माणूस विसरते आहे असे वाटले की कानाची तपासणी लवकर करावी. मात्र अमुक खेळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. खेळावरून निदानही करू नये. मला जे दिसले ते केवळ एक शंका घेण्याइतपत होते.

त्या कागदावर दुसरीही एक शंका होती आणि ती मी दोन दिवस पाहिली नाही. अण्णांचे कोडे उलगडल्याच्या आनंदात मी कागद घडी करून ठेवला होता. टाकण्यापूर्वी पुन्हा उघडला, तेव्हा नजर आत्याबाईंच्या रकान्यावर गेली. "चांगलं." "घरातलं." "नेहमीचं." "सगळ्यांना लागतं." पुढच्या डावात पुन्हा "चांगलं." "आपल्याकडचं." अकरा डावांत त्यांनी एकही नेमकी खूण दिली नव्हती. वरणाला ‘पिवळे’ नाही, चुलीला ‘धूर’ नाही. आणि त्यांना कोणीही एकदाही पकडले नव्हते! उलट "आत्याआजी काय मुरलेली आहे!" म्हणून मुले खूश होती. त्यांची एक खूण नेमकी होती ती ‘लाल’. आणि त्यानंतरच्या ज्या मौनाचे खापर मी माझ्या अविचारावर फोडले होते, त्याला दुसरेही कारण असू शकत होते.

आत्याबाई अजून आमच्याकडेच होत्या. वाईला त्या एकट्याच राहतात. घरात गॅस आहे, मागे विहीर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज म्हटले, "आत्याबाई, आज चहा तुम्ही टाका." त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुझ्या हातचाच बरा लागतो गं." दुपारी म्हटले, भाजीला फोडणी घाला. "तुझं घर, तुझी पद्धत." प्रत्येक उत्तर लाघवी होते आणि प्रत्येक उत्तराने काम टळत होते. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी शिष्टाचार, हसू, बोलण्याची लकब शाबूत राहते आणि तिच्या आडोशाने बाकीचे पुष्कळ दिवस झाकले जाते, हे मी पुस्तकात वाचले होते, रुग्णांत पाहिले होते. चार दिवसांनी विश्वासात घेऊन मी त्यांना आमच्या पद्धतीचा साधा प्रश्न विचारला : एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा. "गाय, म्हैस," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "गाय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "आहेत की सगळे चांगले."

पुढचे सारे रीतसर केले. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. त्यांच्या औषधांच्या डब्यात झोपेची एक गोळी होती, खाजेवरची एक होती. वृद्धांच्या मेंदूवर मळभ आणणाऱ्या अशा दोन्ही. झोपेची गोळी पंधरा दिवसांपुरती म्हणून मीच कधीकाळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी दाखवून त्या वाईच्या दुकानातून वर्षानुवर्षे घेत राहिल्या. माझ्या अक्षरातला तो कागद मी डब्यातून काढून घेतला. गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या, इंजेक्शने दिली. दोन महिन्यांत त्या पुष्कळ तरतरीत झाल्या, पण पूर्ववत झाल्या नाहीत. पुण्याच्या तज्ज्ञांनी सर्व तपासण्या पाहून आजाराची ही सुरुवात आहे असे सांगितले. आता त्या आमच्याकडे राहतात.

दर रविवारी संध्याकाळी तोतया होतो. शेजारचे काका-काकू येतात. खेळात मी दोन बदल केले आहेत. एक म्हणजे बोललेली प्रत्येक खूण शाळेच्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून मध्ये ठेवायची. त्यामुळे अण्णांना ऐकू न आलेले दिसते आणि आत्याबाईंना विसरलेले सापडते. दुसरा म्हणजे आत्याबाईंच्या चिठ्ठीवर शब्दाखाली चित्र काढायचे. माझी चित्रकला यथातथाच असल्यामुळे एकदा त्यांनी कंदिलाला वांगे समजून खूण दिली आणि तोतया नसताना पकडल्या गेल्या. शब्द काढायला मला आता आठवडा लागतो. भाजी निवडताना, रुग्णाचा रक्तदाब घेतानाही डोक्यात जोड्या जुळत असतात. एखादी जोडी चार दिवस छान वाटते आणि मग लक्षात येते की त्यातला एक शब्द आत्याबाईंच्या हातून आता निसटला आहे. ती बाद होते. तशी बाद झालेली यादी मी जपून ठेवली आहे, तज्ज्ञांना दाखवते. ‘कुंकू’ मात्र पुन्हा काढले नाही.

मेच्या सुटीत मुले आली होती. त्या रविवारी मी ‘जाते’ आणि ‘पाटा’ ही जोडी काढली होती. पुतण्याच्या वाट्याला पाटा आला होता, म्हणजे तोतया तोच होता. खुणा ‘दगड’, ‘जड’, ‘खाली बसून’ अशा जपून चालल्या होत्या. आत्याबाईंची पाळी आली. त्यांनी चिठ्ठीवरच्या माझ्या वेड्यावाकड्या चित्रावरून बोट फिरवले. एकदा, दोनदा, गोल. कोणी घाई केली नाही.

"ओवी," त्या म्हणाल्या.

अण्णांनी कपाळावर हात मारला, कारण यापेक्षा उघड खूण असू शकत नाही. पुतण्या मराठीच्या पुस्तकात कधीतरी शिकला असावा, पकडल्यावर तो लगेच म्हणाला, "जातं!" आणि बाजी मारून गेला. आम्ही सगळे हरलो. पुतणी पाटी पुसायला उठली, तेव्हा आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि पाटीवरच्या त्या दोन अक्षरांकडे निरखून पाहत विचारले, "कोणी लिहिलं गं हे? बरोबर लिहिलंय."